एवढ्याशा 'की'चा प्रबंध

बेळगावात कुणाच्याही घरी दुपारी गेलात तर दारातच ऐकू येतं, "बसा की." आता त्यातला 'की' काढून टाका. "बसा." खुर्ची तीच, सांगणंही तेच, पण आलेला माणूस जरा अवघडून टेकेल. व्याकरणाच्या दृष्टीनं या 'की'ला वाक्यात काही काम नाही. तो कर्ता नाही, कर्म नाही, क्रियापदाच्या रूपावर त्याचा परिणाम होत नाही. तरी तो गेला की काहीतरी कमी होतं. नेमकं काय कमी झालं, याचा शोध प्रॅग्मॅटिक्स घेतं, म्हणजे प्रत्यक्ष बोलताना भाषा कशी वापरली जाते याचा अभ्यास.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातून बी. ए. करून भाषाविज्ञानाच्या एम. ए.ला जाणाऱ्यांची एक ठरलेली चूक असते. प्रबंधाचा विषय द्यायची वेळ आली की ते 'सीमाभागातील मराठी-कन्नड भाषासंपर्क' असला अख्खा डोंगर उचलतात. चार महिन्यांत डोंगर हलत नाही. मग शेवटी दोनशे उसन्या शब्दांची यादी आणि पन्नास प्रश्नावल्या जोडून प्रबंध बांधला जातो. माझं म्हणणं सोपं आहे: डोंगर सोडा, 'की' घ्या. किंवा 'म्हणे' घ्या, 'ओ' घ्या, 'काय' घ्या. एक कण (म्हणजे 'की'सारखा एवढासा शब्द), एक प्रकारची देवाणघेवाण, तीन-चार तासांचं ध्वनिमुद्रण. एवढ्यात चांगला प्रबंध होतो आणि तो तुमच्याइतका दुसऱ्याला जमणार नाही.

अभ्यासक्रमाचं आधी उरकून घेऊ. एम. ए. चार सत्रांचं असतं. सुरुवातीला ध्वनी, रूप, वाक्य, अर्थ हा पाया होतो. प्रॅग्मॅटिक्स बहुतेक ठिकाणी अर्थविचाराच्या शेपटाला दोन-तीन आठवडे, नाहीतर पुढच्या सत्रात ऐच्छिक पेपर म्हणून येतं. आपल्या बाजूनं पुण्याचं डेक्कन कॉलेज, मुंबई विद्यापीठ आणि हैदराबादमधल्या संस्था जवळ पडतात. बी. ए.ला मराठी होतं की इंग्रजी की कन्नड, यानं फारसं अडत नाही. प्रवेशाआधी एवढंच बघा, की विभागात संभाषणावर किंवा भाषेच्या वापरावर काम करणारं कुणी आहे काय. नसेल तर तुमचा विषय सहा महिन्यांत वाक्यरचनेचा होऊन बसतो. प्राध्यापकीच्या पात्रतेची नेट परीक्षा देणार असाल तर भाषाविज्ञानाचा विषय क्रमांक 31. पहिला पेपर 50 प्रश्नांचा, 100 गुणांचा. दुसरा 100 प्रश्नांचा, 200 गुणांचा. दोन्ही मिळून तीन तास. तिथं नावं, वर्षं, जोड्या लावा चालतं. प्रबंधाला त्याचा उपयोग थोडा.

वाचनाचा क्रम मात्र महत्त्वाचा. ऑस्टिन या तत्त्वज्ञानं 1955 साली हार्वर्डला व्याख्यानं दिली, ती त्याच्या मृत्यूनंतर 1962 साली छापली गेली. तिथून सुरुवात करा, कारण तो वाचायला सोपा आहे आणि त्याचे दाखले आपल्याकडे ढिगानं सापडतात. बोलणं हीच कृती, हा त्याचा मुद्दा. बटाट्याच्या लिलावात "तीन वार" म्हटलं की माल विकला गेला. ते खरं की खोटं असा प्रश्नच येत नाही. पण तेच "तीन वार" हमालानं म्हटलं तर काही घडत नाही, कारण म्हणणाऱ्याला तो अधिकार हवा, जागा लिलावाची हवी, बोली लागलेली हवी. लग्न ठरवताना सुपारी फोडतात तेव्हाही असंच. कोण फोडतो, कुणासमोर, दोन्हीकडची माणसं हजर आहेत काय, यातलं एक हुकलं तर सुपारी फुटते, लग्न ठरत नाही. ऑस्टिनच्या अटी पाठ करण्याऐवजी असल्या दोन प्रसंगांत त्या एकेक करून मोडून बघा.

त्यानंतर ग्राइस, तोही तत्त्वज्ञच. त्याची व्याख्यानं 1967 ची, मुख्य निबंध छापला 1975 साली. गर्भितार्थ, म्हणजे उघड न बोलता सुचवलेला अर्थ, कसा निघतो, हा त्याचा विषय. इथं 'बघू' या शब्दाशी थांबायला हवं. "उद्या सुगीला येणार काय?" "बघू." विचारणाऱ्याला कळलं, हा येत नाही. शेजारच्या कन्नड घरातही तसंच, "नोडोण." दोन्हीकडं 'आपण मिळून पाहू' असं रूप वापरून नकार दिला जातो. पण हा नकार गर्भितार्थ आहे की 'बघू'चा अर्थच आता तसा झालाय? ग्राइसची कसोटी लावा: गर्भितार्थ मागे घेता येतो. "बघू, म्हणजे बहुतेक येतोच मी" हे वाक्य विसंगत वाटत नाही. म्हणजे नकार अजून शब्दाच्या अर्थात मुरलेला नाही. दुसरी कसोटी: तोच मजकूर दुसऱ्या शब्दांत सांगितला तर गर्भितार्थ टिकतो काय? "विचार करतो" म्हणून बघा. टिकतो, पण जरा औपचारिक होतो, आणि वयानं मोठ्या माणसाला उद्धटही वाटू शकतो. का, हे शोधायला गेलात की एक प्रकरण तयार होतं.

जाता जाता एक इशारा. आपल्याकडचे विद्यार्थी इथं हमखास संस्कृत काव्यशास्त्रातली व्यंजना, म्हणजे शब्दांपलीकडचा अर्थ सुचवण्याची शक्ती, आणतात. मम्मटाच्या काव्यप्रकाशात 'गतोऽस्तमर्कः' हा दाखला आहे. 'सूर्य मावळला' एवढंच वाक्य, पण ऐकणारा बदलला की अर्थ बदलतो. दाखला सुरेख आहे. पण व्यंजना म्हणजेच ग्राइसचा गर्भितार्थ, असं एका ओळीत लिहून मोकळं होऊ नका. व्यंजनेचा विचार काव्याच्या अनुभवातून आलाय, ग्राइसचा सहकार्याच्या तत्त्वातून, म्हणजे बोलणारे एकमेकांना साथ देत बोलतात या गृहीतातून. तुलना करायची तर मागे घेण्याची कसोटी व्यंजनेला लागते काय, हे आधी तपासा. नाहीतर परीक्षक पहिला प्रश्न तिथंच विचारतो.

सीमाभागाची खरी गंमत दर्शक शब्दांत, म्हणजे कोण, कुणाला, कधी बोलतंय यावर अर्थ ठरणाऱ्या शब्दांत आहे, आणि तिकडं फार कुणी बघत नाही. 'परवा' घ्या. मराठीत तो मागचाही आणि पुढचाही. "परवा गेलो", "परवा जातो", क्रियापद आल्याशिवाय दिशा कळत नाही. कन्नडात गेलेला दिवस 'मोन्ने' आणि येणारा 'नाडिद्दु', दोन वेगळे शब्द. दोन्ही भाषा बोलणारा माणूस नुसतंच "परवा" म्हणून थांबला, तर ऐकणारा काय करतो? परत विचारतो, की अंदाजानं धरून चालतो? तसंच 'आपण' आणि 'आम्ही'. मराठीत ऐकणाऱ्याला धरून 'आपण', वगळून 'आम्ही'. आजच्या कन्नडात दोन्हीला 'नावु'. "आम्ही जेवायला निघालो" ऐकल्यावर मराठी माणसाला कळतं की आपल्याला बोलावणं नाही. कन्नड वाक्य तेवढ्यावर उघड करत नाही. कन्नडातून मराठीकडं वळताना कुणी सगळीकडं 'आम्ही' वापरलं, तर व्याकरण कुठंच चुकत नाही, नातं मात्र चुकतं.

असल्या चुकीला जेनी थॉमसनं 1983 च्या लेखात नाव दिलं आणि तिचे दोन प्रकार केले. एक, रूप बरोबर पण त्याचं वजन चुकीचं. दुसरा, काय मागावं, काय विचारावं, याची समजच वेगळी. पहिल्या प्रकारासाठी दोन भाषा लागतच नाहीत, बेळगाव आणि पुणे पुरतात. "चहा घेतोस काय?" हा इथं साधा प्रश्न. पुण्यात हो-नाहीच्या प्रश्नाला 'का' लागतो, आणि शेवटी 'काय' आला की आव्हान दिल्यासारखं ऐकू येतं. "मला शिकवतोस काय?" मधला 'काय' तिथं कानात बसलेला असतो. उलट, पुण्याचं "येतोस का?" इथं कुणाला जरा नाजूक वाटेल. उत्तर कर्नाटकातल्या कन्नडात हो-नाहीचा प्रश्न 'एन'नं होतो, आणि 'एन' म्हणजे 'काय'च. "ऊट आतेन्री?" याचे तुकडे पाडा: जेवण, झालं, काय, ओ. शब्दाला शब्द बसतो. मोह होतो, की हा कन्नडाचा परिणाम म्हणून लिहून टाकावं. थांबा. हा 'काय' कोल्हापूर, सातारा भागातही चालतो. नुसतं साम्य दाखवून कर्ज सिद्ध होत नाही.

याच कारणानं गम्पर्ज आणि विल्सन यांचा 1971 चा लेख वाचायलाच हवा. सांगली जिल्ह्यातलं, लेखात 'कुपवार' नावानं येणारं गाव, आणि त्यात कन्नड, मराठी, उर्दू, तेलुगू या चार भाषा. शब्द वेगळे, पण वाक्याची घडण इतकी सारखी झालेली, की एका भाषेतलं वाक्य दुसरीत शब्दाला शब्द ठेवून सांगता यावं. सीमाभागावरच्या जवळजवळ प्रत्येक प्रबंधात त्याचा उल्लेख असतो, पण तो लेख व्याकरणाचा आहे. कोण कुणाला काय म्हणून हाक मारतं, कुठं थांबतं, कुठं भाषा बदलतं, ही जागा त्यानं मोकळी सोडलीय. तुमचं काम तिथं.

आता 'की'.

आधी त्याचे सख्खे भाऊ बाजूला काढा. "तो म्हणाला की येतो" यातला 'की' वाक्यं जोडणारा. "चहा की कॉफी?" मधला पर्याय देणारा. आपल्याला हवा तो वाक्याच्या शेवटी येणारा. त्याचे तीन ठळक वापर दिसतात. आज्ञार्थाला जोडून: "ये की", "सांग की", "घ्या की". साध्या विधानाला जोडून, समोरच्याचा समज खोडताना: "साखर संपली." "आहे की डब्यात." आणि अचंब्यात: "अरे, पाऊस आला की!" तिन्हींच्या मुळाशी एक गोष्ट आहे काय? एक अंदाज असा मांडता येतो: कुणाच्या तरी मनात आधीच असलेली धारणा मोडली, हे 'की' दाखवतो. "आहे की"मध्ये ऐकणाऱ्याची धारणा मोडते, "आला की"मध्ये बोलणाऱ्याची स्वतःची. "बसा की"मध्ये पाहुणा बसणार नाही, उभ्या उभ्याच जाईल, ही धारणा. हा अंदाज आहे, सिद्धांत नव्हे. तो पाडायचा प्रयत्न करणं हाच प्रबंध. "होय की" हे त्याचं पहिलं संकट. सहमतीला 'की' कशाला? प्रसंग बघितले तर "होय की" बहुधा विसरलेलं कुणी आठवून दिल्यावर येतं, म्हणजे पुन्हा धारणा मोडलेलीच. पण प्रत्येक वेळी तसं आहे काय, ते मोजून बघावं लागेल.

मग वजनाचा प्रश्न. "जेवा की" आणि "पन्नास रुपये उसने द्या की". रूप एकच, पण पहिल्यात आग्रहाचं प्रेम, दुसऱ्यात गळ घालणं. लीचनं 1983 साली मांडलेली खर्च-लाभाची पट्टी इथं कामाला येते. लाभ ऐकणाऱ्याचा असेल तर जोर लावणं सभ्य ठरतं, बोलणाऱ्याचा असेल तर तोच जोर टोचतो. म्हणून प्रत्येक 'की'ची नोंद करायच्या तक्त्यात 'लाभ कुणाचा' हा रकाना ठेवल्याशिवाय 'की'चं कोडं सुटत नाही.

हे जवळून कसं बघायचं, त्याचा एक नमुना. बोलणं बनवलेलं आहे, फक्त पद्धत दाखवायला:

1 वहिनी: चहा ठेवते.
2 पाहुणी: नको ओ, आत्ताच घेऊन आले=
3 वहिनी: =घ्या कीऽ घोटभर.
4 (0.8)
5 पाहुणी: घोटभरच हं.

पहिल्या ओळीत 'की' नाही. नकार आल्यावरच तो येतो, आणि बरोबरीच्या चिन्हानं दाखवल्याप्रमाणे मध्ये जराही न थांबता येतो. त्याच्या जोडीला 'घोटभर', म्हणजे मागणी लहान करणारा शब्द. मग 0.8 सेकंदाची शांतता, आणि होकार देताना पाहुणी तोच लहान केलेला शब्द 'च' लावून परत करते. 'की' कुठल्या ओळीत आला यापेक्षा कशानंतर आला, हे महत्त्वाचं. दोनशे वेळा आलेल्या 'की'पैकी किती नकारानंतर आले, एवढं मोजलंत तरी वरच्या अंदाजाची परीक्षा होते.

त्या 'कीऽ'मधल्या अवग्रहाबद्दल. संभाषणाच्या लिप्यंतराची, म्हणजे मुद्रण ऐकून लिहून काढण्याची, जेफरसनची पद्धत सगळीकडं वापरतात, आणि तीत आवाज लांबवला की अपूर्णविराम देतात. देवनागरीत तो विसर्गासारखा दिसतो आणि पुढं शोधताना घोटाळा होतो. म्हणून लांबवण्याला ऽ ठरवा आणि पहिल्याच पानावर तसं लिहा. 0.2 सेकंदाहून कमी थांब्याला कंसात टिंब, त्याहून जास्त असेल तर कंसात सेकंद, दोघं एकदम बोलले तर चौकोनी कंस. सुरुवातीला एवढी चिन्हं पुरतात. सगळी चिन्हं वापरायच्या हौसेनं पहिल्या दहा मिनिटांच्या लिप्यंतरातच माणूस दमतो.

ध्वनिमुद्रणाकडं येऊ, कारण बरेच प्रबंध इथंच बिघडतात. फोनवर मुद्रण चालतं, पण डब्ल्यूएव्ही रूपात, 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिट, मोनो. मिनिटाला साधारण 5 एमबी, तासाला 320 एमबीच्या आसपास. फोन एअरप्लेन मोडवर, खाली घडी घातलेला टॉवेल, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरात. स्वयंपाकघरात मिक्सर आणि डोक्यावरचा पंखा, दोन्ही शत्रू. पंख्याची घरघर कानाला जाणवत नाही, पण प्राट या आवाज मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये सुराची रेघ काढायला गेलात की मध्ये येते. मुद्रण व्हॉट्सअ‍ॅपवरून मागवू नका. तिथं आवाज दाबला जातो, शब्द ऐकू येतात पण सुराच्या मोजमापाचा भरवसा राहत नाही. आणि 'की'चा सूर मोजावाच लागतो. आग्रहाचा 'की' आणि वैतागलेला 'की' कागदावर सारखेच दिसतात.

जागा कुठली निवडायची? बाजारात गोंगाट फार, आणि गिऱ्हाईक दोन मिनिटांत जातं. भिशी, बचत गटाची बैठक, हळदीकुंकवानंतर मागे राहिलेल्या चौघीजणी, देवळाच्या कट्ट्यावरचे म्हातारे, या जागा सोन्याच्या. माणसं तीच, वेळ भरपूर, आग्रह आणि नकार मुबलक. अभ्यासक समोर बसला की माणसं नीटनेटकं बोलू लागतात, हा लबाव्ह या भाषावैज्ञानिकानं दाखवलेला पेच. यावर साधा उपाय म्हणजे गटातल्याच कुणाकडं फोन द्यायचा आणि पहिली दहा मिनिटं हिशेबात धरायची नाहीत. परवानगी मात्र आधी घ्या, मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांतल्या कागदावर, आणि नंतर नको वाटलं तर मुद्रण पुसून टाकू, हे तोंडीही सांगा. चोरून केलेलं मुद्रण कितीही रसाळ असलं तरी वापरता येत नाही.

प्रश्नावलीचं काय? इंग्रजी पुस्तकांत प्रसंग देऊन रिकामी ओळ भरायला लावणारी प्रश्नावली सापडते. ब्लम-कुल्का आणि सहकाऱ्यांच्या 1980 च्या दशकातल्या मोठ्या प्रकल्पानं ती रूढ केली. स्वस्त आहे, लवकर होते, आणि आपल्याकडं हमखास फसते. कारण हातात पेन आलं की माणूस शाळेतली मराठी लिहितो. "कृपया मला आपली वही देता का?" असं इथं कुणी तोंडानं म्हणत नाही. 'कृपया' फलकावर असतो, बोलण्यात नसतो. बोलीतली नम्रता 'जरा', 'तेवढं', 'ओ', क्रियापदाचं रूप आणि सूर यांत असते: "वही देता काय जरा", "तेवढं बघा की ओ". लेखी प्रश्नावलीत 'की' जवळजवळ सापडणारच नाही, आणि तुम्ही निष्कर्ष काढाल की सीमाभागातली मराठी औपचारिक आहे! प्रश्नावली वापरायचीच तर तोंडी, प्रसंग बोलीत सांगून, उत्तर मुद्रित करून. प्रसंगही इथले हवेत: शेजारणीकडून पाट्याचा वरवंटा मागणं, बसमध्ये सरकून जागा मागणं, सावकाराकडं मुदत मागणं.

त्याच प्रकल्पात विनंतीच्या थेटपणाच्या नऊ पायऱ्या होत्या. आज्ञार्थ सगळ्यात थेट, आडून सुचवणं सगळ्यात दूर. ही पट्टी जशीच्या तशी लावली तर "ये की" सगळ्यात थेट म्हणून सगळ्यात कमी नम्र ठरतो. इथं तर "येऊ शकाल काय" म्हटलं की घरचं माणूस विचारतं, "काय रागावलास काय?" ब्राउन आणि लेव्हिन्सन यांची 1978 मध्ये मांडलेली, 1987 साली पुस्तकरूपानं आलेली नम्रतेची मांडणी सत्ता, अंतर आणि मागणीचं ओझं यांवर उभी आहे. त्यांच्या तीन मुख्य भाषांत तमिळही होती, तरी थेटपणा म्हणजे धोका हा सूर तीत राहिलाय. मात्सुमोटोनं 1988 साली जपानीच्या बाजूनं त्यावर नेमकं बोट ठेवलं. पट्टी टाकून देऊ नका. रूप वेगळ्या रकान्यात ठेवा, आणि ते ऐकणाऱ्यानं कसं घेतलं हे दुसऱ्या रकान्यात, पुढच्या ओळीवरून ठरवा.

रकाने असे ठेवता येतील: अनुक्रमांक, फाइल, वेळ, बोलणारा (खुणेनं, नावानं नाही), वय, घरची भाषा, ऐकणारा, त्यांचं नातं, तू की तुम्ही, क्रियापदाचं रूप, लाभ कुणाचा, आधीची ओळ, नंतरची ओळ, आधीच्या ओळीची भाषा. शेवटचा रकाना सीमाभागासाठी खास. लिप्यंतर ईलॅन या सॉफ्टवेअरमध्ये करत असाल तर प्रत्येक बोलणाऱ्याला वेगळी ओळ, आणि भाषेची खूण शब्दाशब्दाला. तिथं 'अक्का', 'अण्णा' यांवर भांडत बसू नका. ते दोन्हीकडचे, म्हणून 'दोन्ही' अशी तिसरी खूण ठेवा. तासभर गप्पांचं नुसतं कच्चं लिप्यंतर दहा-बारा तास खातं, बारकाव्यांसकट त्याच्या कितीतरी पट. म्हणून सगळं लिहू नका. 'की' असलेले तुकडे काढा, प्रत्येकाच्या आधीच्या पाच आणि नंतरच्या पाच ओळी नीट लिहा.

लिप्यंतर दुसऱ्याकडून करून घेतलंत तर ते तपासल्याशिवाय वापरू नका. पुण्याकडचा माणूस न सांगता सुधारतो. "काय करूलालास?" चं "काय करतोयस?" होतं, 'ओ'चं 'हो' होतं, आणि शेवटचे 'की' फापटपसारा म्हणून गळतात. फोनवर बोलून टायपिंग केलं तरी हाच धोका. शब्दशः अर्थाच्या ओळीत शेवटच्या 'की'खाली 'कण' लिहा. जोडणाऱ्या 'की'ची खूण चुकून तिथं पडली, तर तक्त्यातून दोन्ही एकत्र मोजले जातात. सगळ्या खुणा तुम्ही एकट्यानं लावू नका. दहातला एक-दोन भाग दुसऱ्या बोली जाणणाऱ्याकडून वेगळा लावून घ्या आणि जुळणी कोहेनच्या 'काप्पा' या संख्याशास्त्रीय मापानं मोजा (1 म्हणजे पूर्ण जुळणी). 0.6 च्या खाली आली तर माणसांत नाही, तुमच्या व्याख्यांत खोट आहे. बहुतेक वेळा ती 'अचंबा' आणि 'खोडून काढणं' यांच्या सीमेवर असते.

आता इथल्या मातीची एक अडचण, जी पुस्तकात मिळत नाही. "मातृभाषा कुठली?" हा प्रश्न या जिल्ह्यात नुसता माहितीचा राहत नाही. 1956 च्या राज्य पुनर्रचनेपासून त्या उत्तराला वजन आहे, आणि विचारणारा कोण यावर उत्तर बदलू शकतं. त्यापेक्षा तुकड्यातुकड्यानं विचारा. आईशी कुठल्या भाषेत बोलता? भावकीत? मनात हिशेब कुठल्या भाषेत करता? कुणावर राग काढताना? तुम्ही पहिलं वाक्य ज्या भाषेत बोललात त्या भाषेकडं पुढचं सगळं झुकतं, म्हणून तेही टिपून ठेवा. गावाचं नावसुद्धा. 2014 पासून अधिकृत नाव बेळगावी. बोलताना कोण बेळगाव म्हणतं, कोण बेळगावी, आणि एकच माणूस कचेरीत एक अन् घरात दुसरं कधी म्हणतो, ते तक्त्यात ठेवा. त्यावर तुमची बाजू मात्र प्रबंधात येऊ देऊ नका. ती आली की पुढच्या घरात चहा मिळतो, बोलणं मिळत नाही.

मौखिक परीक्षेत एक प्रश्न येणारच: "हा 'की' कोल्हापुरातही आहे, मग सीमाभागाचं यात काय?" गडबडून कन्नडाचं नाव घेऊ नका. तो रकाना उघडा: आधीची ओळ कुठल्या भाषेत होती. कन्नडातला प्रश्न आणि मराठीतला 'की', "ऊट आतेन्री?" "झालं की", अशा जोड्या तुमच्याकडं किती आहेत, मराठी प्रश्नानंतरच्या किती, आणि दोन्हीकडं 'की' तेच काम करतो काय, हे आकड्यांसह सांगा. कोल्हापूरच्या मुद्रणात असा रकाना भरताच येणार नाही. आकडे कमी असतील तर कमी म्हणा. तीसच्या आत जोड्या असतील तर टक्केवारी देऊ नका, एकेक तुकडा वाचून दाखवा.